तिसऱ्या प्रकरणातली रात्र : एका प्रेमकादंबरीच्या हस्तलिखिताचा प्रकरण अभ्यास

हा अभ्यास एका अप्रकाशित कादंबरीच्या हस्तलिखिताचा आहे. दोन पुरुषांची प्रेमकथा, 32 प्रकरणं, 90 हजारांच्या आसपास शब्द. लेखकाची परवानगी घेऊनच लिहितो आहे. त्यांची ओळख पटेल असं काही इथे नाही, आणि कादंबरीतल्या दोघांनाही मी नावाऐवजी त्यांच्या कामावरून ओळखणार आहे : एक अभियंता, एक कारागीर.

अभियंता 34 वर्षांचा, पुलांची तपासणी करणारा. तो समलिंगी आहे हे मित्रांना ठाऊक आहे, ऑफिसात नाही. कारागीर त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, जुनी व्हायोलिनं दुरुस्त करतो. त्याचे आजवरचे सगळे संबंध स्त्रियांशी. वादळात रस्ता बंद पडतो, मुक्कामाला एकच जागा उरते, तिथे एकच खोली आणि खोलीत एकच पलंग. या साहित्यप्रकारातली ही सगळ्यात झिजलेली युक्ती, पण माझा तिच्यावर राग नाही. पलंग एकच आहे हे कळलं की वाचक सरसावून बसतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

पहिल्या प्रकरणात नजरानजर. दुसऱ्यात चुकून हाताला हात लागतो आणि दोघांच्याही अंगातून वीज जाते. तिसऱ्यात रात्र. चौथ्यात, म्हणजे ओळखीला पुरता एक दिवसही झालेला नसताना, अभियंता म्हणतो की आता तुझ्याशिवाय मला जगता येणार नाही. पाचव्यात कारागीर घरी फोन करून सगळं सांगून टाकतो. सहावं प्रकरण उघडेपर्यंत या दोघांना करण्यासारखं काही उरलेलंच नसतं, आणि अजून 27 प्रकरणं जायची असतात. मग अभियंत्याचा जुना प्रियकर उगवतो, एक निरोप भलत्याच्या हाती पडतो, आणि एका वाक्यात मिटला असता असा गैरसमज पुढची वीसेक प्रकरणं चालतो.

माझ्याकडे संपादनाला येण्याआधी तिघांनी हे वाचलं होतं. तिघांचा शेरा एकच : खोटं वाटतं. उपायही एकच : घाई झाली, पहिली रात्र पंधराव्या प्रकरणापर्यंत लांबवा. एकाने तर 'बाईने लिहिलेलं दिसतंय' असंही लिहिलं होतं. लेखक स्वतः समलिंगी पुरुष आहेत, चाळिशी ओलांडलेले, कित्येक वर्षं एकाच जोडीदाराबरोबर संसार करणारे. तेव्हा अनुभव नाही म्हणून असं उतरलं, हे सोपं निदान तिथेच बाद झालं.

लेखकाची बाजू

"रात्र पुढे ढकलायला सांगणार असाल तर आधीच सांगतो, मी ढकलणार नाही," हे त्यांचं पहिलं वाक्य. मग त्यांनी तीन कारणं दिली.

पहिलं असं की दोन पुरुष आधी जवळ येतात आणि नाव नंतर विचारतात, हे काही त्यांच्या कल्पनेतून आलेलं नाही. ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना विचारा. दुसरं बाजाराचं. किंडल अनलिमिटेडसारख्या, वर्गणी भरून ई-पुस्तकं वाचायच्या योजनेत जुलै 2015 पासून लेखकाला पैसे मिळतात ते वाचली गेलेली पानं मोजून, आणि सुरुवातीची पानं तर कुणालाही फुकट चाळता येतात. तेवढ्यात वाचक गुंतला नाही, की गेला. तिसरं कारण सांगताना त्यांचा आवाज बदलला. "आमच्या वाट्याला गोष्टींमध्ये फास आले, आजार आले, आत्महत्या आल्या. मला दोन माणसं पटकन सुखी झालेली बघायची आहेत. त्यात काय चुकलं?"

काही चुकलं नाही. तिन्ही कारणं खरी आहेत, आणि म्हणूनच हे हस्तलिखित सोपं नव्हतं. रात्र पुढे ढकलून काम भागलं असतं तर मला कुणी विचारलंच नसतं.

तिसऱ्या कारणाला मोठा इतिहास आहे. ई. एम. फॉर्स्टर या इंग्रज लेखकाने 'मॉरिस' ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी 1913-14 मध्ये लिहिली आणि ती छापली गेली 1971 मध्ये, तो वारल्यानंतर. 1960 मध्ये लिहिलेल्या टिपणात तो सांगतो की शेवट सुखाचा व्हायलाच हवा होता. तो नसता तर लिहिण्याची तसदीच घेतली नसती. शेवटी एखादा पोरगा फासावर लटकला असता किंवा दोघांनी मिळून जीव दिला असता, तर लोकांना चाललं असतं, असंही तो तिथे उपरोधाने म्हणतो. त्याच टिपणात आणखी एक नोंद आहे, आणि ती आपल्या या हस्तलिखिताशी थेट जुळते. 'मॉरिस'चं हस्तलिखित वाचून लिटन स्ट्रेची या त्याच्या लेखक मित्राने त्याला कळवलं होतं की या दोघांचं नातं कुतूहल आणि वासना यांवर उभं आहे, सहा आठवडे टिकेल. म्हणजे आपल्या तिघा वाचकांचा आक्षेप शंभर वर्षांहून जुना आहे.

आता त्या कादंबरीत काय घडतं ते पाहा. एक माणूस रात्री खिडकीतून अंधारात हाक मारतो, दुसरा शिडी लावून आत येतो. त्याआधी दोघांत धड बोलणंही झालेलं नसतं. तिसऱ्या प्रकरणापेक्षा ही घाई जास्तच. पण पुढे? पत्र येतं आणि पहिल्याला वाटतं की हा आता आपल्याला लुबाडणार. ब्रिटिश म्युझियममध्ये दोघं भेटतात तेव्हा धमकीची भाषा निघते. हे संबंध इंग्लंडमध्ये 1967 पर्यंत गुन्हा होते, त्यामुळे ती भीती वेडगळ नाही. शरीरं पुढे गेली आहेत, विश्वास मागे राहिला आहे, आणि कादंबरीचा शेवटचा भाग याच अंतरात घडतो.

मी लेखकांना एवढंच म्हणालो : तुमची रात्र लवकर आली याचं मला काही वाटत नाही. सकाळी तुमच्या दोघांना एकमेकांबद्दल कसलीच शंका नाही, त्याचं वाटतं.

रात्रीच्या आधी काय नाही

पहिल्या दोन प्रकरणांत आकर्षण आहे, पण ते कुणाचं कुणाबद्दल हे सांगता येत नाही. रुंद खांदे, रेखीव जबडा, गडद डोळे, पुन्हा खांदे. दोघांची वर्णनं अदलाबदल केली तरी काही बिघडत नाही, हे मी लेखकांसमोर करूनच दाखवलं. अभियंता पुलांचा होता हे एका वाक्यात येतं, कारागीर व्हायोलिनं दुरुस्त करतो हे दुसऱ्या वाक्यात, आणि त्यानंतर दोघांचे हात फक्त एकमेकांच्या अंगावर दिसतात. हे हात दिवसभर काय करतात, हे कादंबरीला ठाऊक नव्हतं.

(जाता जाता एक कारागिरीची गोष्ट. दोन पुरुषांच्या प्रसंगात दोघेही 'तो' असतात, आणि 'त्याने त्याचा हात त्याच्या खांद्यावर ठेवला' असं वाक्य आलं की वाचक हात मोजत बसतो. लेखकांनी यावर उपाय म्हणून 'उंच तरुण', 'गडद डोळ्यांचा' अशी विशेषणं पेरली होती. पलंगावर शेजारी पडलेल्या माणसाला कुणी मनात 'उंच तरुण' म्हणत नाही. मराठीत 'आपला हात' म्हणायची सोय आहे, क्रियापदं आहेत, आणि अगदीच अडलं तर नाव आहेच.)

त्याहून मोठी उणीव ही की दोघांपैकी एकालाही सगळ्यात पहिला प्रश्न पडत नाही. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेत प्रश्न असतो, मी तिला आवडतो का. इथे त्याच्याही आधी दुसरा प्रश्न उभा असतो : हा आपल्यातला आहे का, आणि नसला तर आपल्याला काय भोगावं लागेल? या एका प्रश्नासाठी माणसांनी केवढ्या खुणा शोधून काढल्या. 1892 मध्ये ऑस्कर वाइल्डच्या मित्रांनी कोटाला लावलेलं हिरवं कार्नेशन, 1970 च्या दशकात अमेरिकेत मागच्या खिशातून डोकावणारे रंगीत रुमाल, 2009 पासून ग्राइंडर हे पुरुषांना पुरुष भेटवणारं ॲप. इलान मायर या संशोधकाने 2003 मध्ये अल्पसंख्याकांवरच्या ताणाची जी मांडणी केली, तिच्यात सतत सावध राहणं आणि स्वतःला लपवणं हे त्या ताणाचे वेगळे घटक म्हणून येतात. चौतीस वर्षांचा, ऑफिसात सगळं लपवून ठेवणारा माणूस एका अनोळखी पुरुषाबरोबर एका खोलीत अडकतो आणि त्याच्या मनात हा प्रश्न येत नाही? तो नुसता आला असता तरी एका प्रकरणाचा ताण आयता मिळाला असता. एक शब्द इकडेतिकडे टाकून बघणं, जुन्या प्रियकराचा उल्लेख 'एक मित्र' असा करणं आणि समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघणं, टॉवेल गुंडाळून बाहेर यायचं की कपडे घालून, हे ठरवणं. हे सगळं लेखकांनी स्वतः आयुष्यात केलेलं होतं. मी विचारलं तेव्हा हसून त्यांनी असे प्रसंग एकामागून एक सांगितले. कादंबरीत त्यांतला एकही नव्हता.

का नव्हता?

घाई आली कुठून

लेखक कादंबरीकडे वळले ते चाहत्यांनी आपल्या आवडत्या मालिकांतली पात्रं घेऊन लिहिलेल्या कथा वाचून आणि लिहून. त्या परंपरेचा आरंभ बहुतेक जण 'स्टार ट्रेक' या अमेरिकी दूरदर्शन मालिकेच्या चाहत्यांपासून धरतात. 1974 मध्ये डायान मार्चंट हिने कर्क आणि स्पॉक या तिच्यातल्या दोन नायकांच्या जवळिकीची एक छोटी कथा चाहत्यांच्या अंकात छापली, तीही नावं न घेता. ती कथा सरळ मीलनातच सुरू होऊ शकली, आणि कुणालाही ते घाईचं वाटलं नाही. का वाटावं? वाचणाऱ्यांनी 1966 ते 1969 या काळात त्या दोघांना 79 भागांतून पाहिलेलं होतं. कोण कुणासाठी जीव धोक्यात घालतो, कोण कधी गप्प बसतो, सगळं पाठ. ओळख, विश्वास, भांडणं हे भांडवल मालिकेने आधीच जमवलेलं, आणि चाहत्याने ते एका रात्रीत खर्च केलं तरी ते होतं म्हणून खर्च करता आलं.

आमच्या लेखकांनी तोच वेग नव्या माणसांना लावला. अभियंता आणि कारागीर यांना वाचकाने पहिल्या पानाआधी कधी पाहिलेलं नाही. तिसऱ्या प्रकरणात खर्च करायला गाठीला काहीच नाही. माझ्या मते या कादंबरीचा मूळ दोष हा, आणि या प्रकारातल्या पुष्कळ पुस्तकांचाही. उसन्या वेगाची कथा लिहायला लेखक पुरुष आहे की स्त्री, समलिंगी आहे की नाही, याने फारसा फरक पडत नाही. जपानमध्ये 1992 मध्ये मासाकी सातो नावाच्या समलिंगी कार्यकर्त्याने याओई, म्हणजे दोन पुरुषांच्या प्रेमाच्या कथा, लिहिणाऱ्या स्त्रियांवर जाहीर टीका केली, की ही पात्रं आमच्यासारखी नाहीत, आमच्या जगण्याशी यांचं देणंघेणं नाही. तो वाद काही वर्षं गाजला. टीकेत तथ्य होतं. पण इथे तर समलिंगी पुरुषानेच आपलं आयुष्य बाजूला ठेवून वाचलेल्या पुस्तकांवरून पुस्तक लिहिलं होतं.

ती रात्र

मूळ मसुद्यातली रात्र सात पानांची. कुणी थांबत नाही, कुणी काही विचारत नाही, कुणाचा हात अवघडत नाही. कारागिराची पुरुषाबरोबरची ही पहिलीच वेळ, तरी चुंबनापासून गुदसंभोगापर्यंतचा प्रवास दोन पानांत होतो, दोघं एकाच क्षणी तृप्त होतात, आणि पहाटेपर्यंत आणखी दोनदा. वंगण म्हणून कारागिराच्या पेटीतलं, लाकडाला लावायचं तेल. इथे मी पेन्सिल खाली ठेवली आणि फोन केला.

लैंगिक प्रसंगाने पाठ्यपुस्तक व्हावं असं माझं म्हणणं नाही. पण शरीराचे काही नियम आहेत. गुदमार्गात नैसर्गिक ओलावा नसतो, म्हणून वंगण लागतंच. तिथे दोन वर्तुळाकार स्नायू असतात. बाहेरचा आपल्या ताब्यात, आतला नाही. माणूस घाबरलेला असेल तर तो आतला स्नायू कुणाच्या गोड शब्दांनी सैल पडत नाही, त्याला वेळच द्यावा लागतो. तेलाने लॅटेक्सचा कंडोम फाटण्याइतका कमकुवत होतो, आणि लाकडाचं तेल त्वचेला लावण्याची वस्तूच नाही. स्खलनानंतर बहुतेक पुरुषांच्या शरीराला काही काळ विश्रांती लागते आणि वयाबरोबर ती वाढत जाते. अभियंता चौतिशीचा आहे, अठराचा नाही.

आणि मुळात सगळं तिथेच का पोचायला हवं? 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत अमेरिकेतल्या सुमारे 25 हजार समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांना विचारण्यात आलं की तुमच्या शेवटच्या समागमात नेमकं काय काय घडलं. सुमारे तीन-चतुर्थांश जणांनी चुंबन सांगितलं, त्याच्या खालोखाल मुखमैथुन आणि हस्तमैथुन. गुदसंभोग 40 टक्क्यांहूनही कमी जणांनी. गुदसंभोगात रस नसलेल्या पुरुषांसाठी जो कॉर्ट या लैंगिक समुपदेशकाने 2013 मध्ये 'साइड' हे नाव सुचवलं आणि ते रुळलं. 2022 मध्ये ग्राइंडरनेही टॉप, बॉटम (गुदसंभोगात करणारा आणि घेणारा) यांच्या जोडीला तो पर्याय दिला. कादंबऱ्यांत मात्र हा माणूस क्वचितच भेटतो. तिथे गुदसंभोग म्हणजे खरी जवळीक आणि बाकी सगळं तोंडीलावणं. स्त्री-पुरुषांच्या प्रेमकथेतली मधुचंद्राची रात्र जशीच्या तशी उचलून आणली की असंच होतं. एकाला नवरी करावं लागतं. इथे कारागीर लहान, सडपातळ आणि नवखा, म्हणून न विचारताच ती भूमिका त्याच्या वाट्याला आली.

सुरक्षिततेबद्दल लेखक म्हणाले, "तिथे कंडोम आणि गोळ्यांच्या गप्पा आणल्या की मूड जातो." मला हे कधीच पटलेलं नाही. एचआयव्ही टाळण्यासाठी रोज घ्यायची प्रेपची गोळी अमेरिकेत 2012 मध्ये मंजूर झाली. औषधांमुळे ज्याच्या रक्तातला विषाणू मोजण्याइतकाही उरत नाही, त्याच्याकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे 2019 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या, सुमारे 780 पुरुष जोडप्यांच्या अभ्यासाने दाखवलं. एकाही लागणीचं मूळ जोडीदारापर्यंत पोचलं नाही. ही माहिती असलेला माणूस आणि नसलेला माणूस एकाच पलंगावर आले, तर तिथे नाट्य आपोआप आहे. कोण विचारतो, कसं विचारतो, विचारल्यावर कोण दुखावतो. मी फक्त सुचवलं : अभियंत्याच्या बॅगेत गोळ्यांची बाटली असू द्या, आणि ती कारागिराला आधी दिसू द्या.

सकाळ

चौथ्या प्रकरणातल्या सकाळी अभियंता वडिलांच्या मृत्यूबद्दल तीन पानं बोलतो. कारागीर ऐकतो, मिठी मारतो, आणि प्रेमाची कबुली होते.

लेखकांनी इथे आर्थर ॲरन या मानसशास्त्रज्ञाचा दाखला दिला, आणि दाखला चोख होता. 1997 च्या त्या प्रयोगात अनोळखी माणसांच्या जोड्यांना 36 प्रश्न एकमेकांना विचारायला लावले, आणि साधारण 45 मिनिटांत त्यांच्यात लक्षात येण्याजोगी जवळीक निर्माण झाली. मग एका रात्रीत का होऊ नये? होऊ शकते. पण त्या प्रश्नांचा क्रम पाहिला तर ते हलक्या विषयांपासून हळूहळू खोल जातात, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दोघांनाही द्यावं लागतं. मसुद्यात एकच जण उघडा होतो, दुसरा उशीचं काम करतो. कारागिराने या चार प्रकरणांत स्वतःबद्दल एकही अशी गोष्ट सांगितलेली नाही की जी सांगताना त्याची जीभ अडखळावी.

शिवाय जवळीक वाटणं वेगळं आणि ओळख होणं वेगळं. जेफ्री हॉल या संशोधकाच्या 2018 च्या अभ्यासात नुसत्या परिचयाची वरवरची मैत्री व्हायला सुमारे 50 तास सोबत घालवावे लागतात असं दिसलं, आणि जिवलग मैत्रीला 200 हून जास्त. प्रेमाला हे गणित लागू करायचं नाही, पण 'तुझ्याशिवाय जगता येणार नाही' म्हणणाऱ्याला समोरचा चहा घेतो की कॉफी एवढं तरी ठाऊक असावं.

वादळाबद्दल मात्र लेखक बरोबर होते, आणि ते त्यांना ठाऊक नव्हतं. 1974 मध्ये डटन आणि याच ॲरन यांनी कॅनडातल्या कॅपिलानो नदीवरच्या हलत्या झुलत्या पुलावर पुरुषांना एका तरुणीकडून प्रश्न विचारवले आणि तिचा फोन नंबर दिला. त्या पुलावर नंबर घेतलेल्या 18 पैकी 9 जणांनी नंतर फोन केला. जवळच्या पक्क्या, कमी उंचीच्या पुलावरच्या 16 पैकी दोघांनी. छातीतली धडधड भीतीची असली तरी माणूस तिला आकर्षण समजू शकतो, असा अर्थ त्यातून काढला गेला. पुढे त्यावर आक्षेपही आले. पण ज्या कादंबरीचा नायक पुलांचाच अभियंता आहे, तिथे याचा उपयोग न करणं म्हणजे हद्द झाली. वादळामुळे ओढ वाढली असं वाचकाला वाटायला हरकत नाही. रस्ता मोकळा झाल्यावर ही ओढ टिकेल का, हा प्रश्न दोघांनाही पडायला हवा होता.

दुसरा मसुदा

रात्र तिसऱ्या प्रकरणातच राहिली. बदललं ते तिच्या अलीकडचं आणि पलीकडचं.

हातांच्या प्रश्नावर लेखकांनी खरंच मेहनत घेतली. काँक्रीटची तपासणी करणारे हातोडीने ठोकून आवाज ऐकतात. आतून थर सुटला असेल तर आवाज पोकळ येतो. व्हायोलिन बनवणारेही लाकडाच्या पट्टीवर बोटाने ठोकून तिचा सूर ऐकतात. पहिल्या मसुद्यात हे दोन्ही व्यवसाय शेजारी शेजारी होते आणि लेखकांना ते दिसलं नव्हतं. आता दुसऱ्या प्रकरणात खोलीची भिंत वादळाने ओल धरते. अभियंता सवयीने ती ठोकत जातो आणि पलंगावर बसलेला कारागीर न बघता म्हणतो, "तिथे नाही, जरा डावीकडे. तिथला आवाज उतरलाय." अभियंता वळून पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघतो. खांद्यांचा उल्लेख नाही. आकर्षण कशाचं, ते आता सांगता येतं.

रात्रीत दोघं अडखळतात. कारागीर धीर गोळा करून, मनाची तयारी करून पुढे येतो आणि अभियंता सांगतो की मला त्यात फारसा रस नाही. कारागिराला हायसं वाटतं आणि थोडा अपमानही. एवढी तयारी फुकट गेली. या जागी मी मोठ्याने हसलो. मग जे होतं ते हातांनी, तोंडाने, मध्ये मध्ये थांबून होतं, आणि पहिल्या मसुद्यातल्या सात पानांपेक्षा जास्त कामुक आहे, कारण दर वेळी कुणीतरी काहीतरी विचारतो आणि उत्तर काय येईल ते आपल्याला ठाऊक नसतं. गोळ्यांची बाटली त्याआधीच निघालेली असते. "तुला काही झालंय का?" असं कारागीर विचारतो. अभियंत्याने हा प्रश्न याआधीही ऐकलेला आहे, आणि तो उत्तर शांतपणे देतो, जरा जास्तच शांतपणे. संपूर्ण पुस्तकातलं मला सर्वांत आवडलेलं पान ते.

सकाळी कुणीही प्रेमाचं नाव काढत नाही. अभियंत्याला ऑफिसातून फोन येतो. कुठे अडकलास, सोबत कुणी आहे का? तो म्हणतो, "नाही, एकटाच आहे." कारागीर तेव्हा दोन हातांच्या अंतरावर बसलेला असतो.

या एका वाक्याने पुढची वीसेक प्रकरणं मोडीत निघाली. जुना प्रियकर गेला, भलत्या हाती पडलेला निरोप गेला. आता अडचण माणसांच्या आतूनच येते. लपवण्याची सवय मुरलेला एक, आणि लपवणं म्हणजे काय हेच अजून न कळलेला दुसरा. दुसरा मसुदा 26 प्रकरणांचा झाला. प्रेमाची कबुली अकराव्यात येते, कारागिराकडून, आणि अभियंता तिथे लगेच उत्तर देत नाही.

जे जमलं नाही तेही सांगायला हवं. कारागिराचे स्त्रियांशी आलेले संबंध दुसऱ्या मसुद्यातही अधांतरीच आहेत. 'फक्त तुझ्यासाठी मी असा झालो' ही या प्रकारातली लाडकी समजूत. तिच्यात उभयलिंगी माणूस गायब होतो, आणि आधीच्या प्रेयस्या म्हणजे नुसती वाट चुकणं ठरतं. मी एक प्रसंग सुचवला होता : त्याने आधीच्या एका मैत्रिणीबद्दल मनापासून, हळहळीने बोलावं आणि अभियंत्याला ते खुपावं. लेखकांनी लिहून पाहिला, दोनदा काढला. तो प्रसंग आला तर पुस्तकाचा तोल अभियंत्याकडून कारागिराकडे जातो, असं त्यांचं म्हणणं. जाईल. जाऊ द्यावा, असं माझं.

पहिल्या तिघांनी पुन्हा वाचलं. दोघांनी 'आता पटतं' म्हटलं. तिसऱ्याची तक्रार अशी की आधीची ऊब राहिली नाही, वीज कुठे गेली. त्याचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. काही वाचकांना ती वीजच हवी असते, दिवसभराच्या थकव्यानंतर कुणी शंका न घेता एकमेकांचं व्हावं एवढंच हवं असतं, आणि त्यांच्यासाठी लिहिणं हलकं काम नाही. मात्र ते पुस्तक 90 हजार शब्दांचं असू नये. तेवढ्या आनंदाला 20 हजार पुरतात, आणि मग भलत्या हाती पडणाऱ्या निरोपांची गरजही पडत नाही.

उपसंहारावर आमचं शेवटपर्यंत जुळलं नाही. तीन वर्षांनंतर लग्न, जुन्या झुलत्या पुलावर फोटो, दोघांच्या आया रडताहेत. प्रेमकादंबरीला समाधानकारक, आशादायी शेवट लागतो हा या प्रकाराचा करारच आहे, आणि तो मला मान्य आहे. पण शेवटच्या प्रकरणात अभियंता ऑफिसच्या जेवणाला कारागिराला सोबत नेतो आणि नाव सांगून ओळख करून देतो, तिथे करार पुरा झालेला असतो. मी लग्न काढायला सांगितलं. लेखक म्हणाले, "बाकी सगळं ऐकलं तुमचं. हे राहणार." राहिलं. फोटोचा परिच्छेद तेवढा त्यांनी निम्मा केला.